चौथं शील

बाई,

तुम्ही गेलात त्याला अकरा वर्षं झाली, आणि तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. राहिली म्हणजे विसरले नव्हते, टाळली. परवाच्या रविवारी ते टाळणं संपलं, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "पाल्हाळ नको, मुद्द्यावर ये." पण आज तुम्ही मला थांबवू शकत नाही, तेव्हा थोडं पाल्हाळ होणारच.

मी बावीसची होते. आठवडाभर घाटकोपरला एका लॅबच्या काउंटरवर पेशंटची नावं लिहून घ्यायचे आणि रविवारी सकाळी पांढरा पंजाबी ड्रेस घालून कांजूरमार्गच्या वस्तीत घरोघरी धम्म शिकवायला जायचे. तुम्ही मला चार घरं दिली होती. शिकवणं म्हणजे काय, तर एका घरात टीव्ही बंद करून घेण्यातच दहा मिनिटं जायची, दुसऱ्या घरात रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाच्या पायाशी बसून दबक्या आवाजात वंदना म्हणायची, आणि तिसऱ्या घरात मुलांपेक्षा मांजराचंच लक्ष जास्त. तुमचे नियम मोजके होते. पाणी दिलं की प्यायचं, ताटात पडेल ते खायचं आणि लोकांच्या फळ्यांवर, डब्यांत नजर घालायची नाही. "आपण शिकवायला जातो, झडती घ्यायला नाही," तुम्ही म्हणायचात. मी मान हलवायचे आणि मनात म्हणायचे, शाळेत पोरं सांभाळून सांभाळून बाई मवाळ झाल्यात.

चौथं घर आजींचं. मुलगा हॉस्पिटलात वॉर्डबॉय, सून, आठ वर्षांची नात, आणि मुलाच्या मागोमाग साताऱ्याकडून आलेल्या आजी. पंचशील शिकायची खरी हौस त्यांनाच. वाचता येत नव्हतं, म्हणून आम्ही एका रविवारी एकच शील घ्यायचो आणि आठवडाभर त्या ते नळावर, शेगडीपाशी घोकायच्या. तीन झाली होती. त्या रविवारी चौथं घ्यायचं होतं, खोटं न बोलण्याचं. मी वही उघडतेय तोच सुनेनं खिचडीसाठी तांदळाचा डबा परातीत उपडा केला, आणि तांदळाबरोबर लाल फडक्याचं एक गाठोडं बाहेर पडलं. आत चांदीचे दोन टाक, झिजून देवाचा चेहराही ओळखू न येणारे. जुने देव सोडायच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे? मी उभी राहून बोलायलाच लागले. नातीसमोर, सुनेसमोर, जे तोंडाला येईल ते. ते शब्द आज लिहायचीही लाज वाटते. मुलगा खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, तुम्हीच घेऊन जा हे. आईला किती सांगितलं, ऐकतच नाय." आजी सांडलेले तांदूळ एकेक करून गोळा करत राहिल्या.

मी ते गाठोडं घेऊन थेट तुमच्याकडे मुलुंडला आले. शाबासकी मिळणार या खात्रीनं, हे सांगायला नकोच. तुम्ही भाकरी थापत होतात. मी गाठोडं ओट्यावर ठेवलं, तर तुम्ही पिठाचा हात मागे घेतलात.

"कुणाचं हे?"

"त्या आजींचं. मुलानं दिलं."

"मुलाचं होतं का?"

मी गाठोडं ओट्यावरून पुन्हा उचललं.

"न दिलेलं घेऊ नये, हे दुसरं शील त्यांना कुणी शिकवलं गं? पंधरा दिवसांपूर्वी तूच ना? सोडायचं तर ती सोडेल, तिच्या हातानं, तिला वाटेल तेव्हा. जा आत्ताच्या आत्ता. तिच्या हातात दे आणि माफी माग."

एवढं बोलून तुम्ही तव्यावरची गरम भाकरी चटणी लावून माझ्या हातात दिलीत, उपाशी जाऊ नको म्हणून. तुमचं रागावणंही असं, जेवू घालून. मी ती रस्त्यात रडत खाल्ली.

आता ती गोष्ट. मी गेले, पण गल्लीच्या कोपऱ्यावरून पाहिलं तर आजी उंबऱ्यात बसलेल्या, गुडघ्यावर हनुवटी टेकून. मी तिथूनच मागे वळले. नळावर सून दिसली, तिच्या हातात गाठोडं कोंबलं आणि पळाले. संध्याकाळी तुम्हाला सांगितलं, आजींच्या हातात दिलं, माफी मागितली. तुम्ही विचारलंत, "काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "जेवून जा म्हणाल्या." तुम्ही इतकं छान हसलात, बाई. पुढच्या महिन्यात मला आणखी पाच घरं दिलीत. मी लॅबच्या वेळेचं निमित्त करून आजींचं घर तेवढं दुसऱ्यांकडे दिलं. तुम्हाला कळलं नसेल. किंवा कळलं असेल आणि तुम्ही वाट बघत राहिला असाल.

आता नव्या मुलींना मी तयार करते. यंदा त्यांतली एक वर्ग सुटल्यावर मागे थांबली. "मॅडम, मला नाही ना ओळखलंत? तुम्ही आमच्या घरी यायचात, कांजूरला. आजी अजून विचारते तुमचं. तुमच्यानंतर एक सर यायचे, पण आजी तीन शीलांच्या पुढे गेलीच नाही. म्हणते, त्या पोरीनंच शिकवायचं."

परवा गेले. वस्तीच्या जागी आता टॉवर आहे, त्यांचं घर नवव्या मजल्यावर. आजींनी ऐंशी कधीच ओलांडली, दिसतं कमी. मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं, कोपऱ्यावरून पळाले तेसुद्धा.

"म्या बघितली व्हती की तुला कोपऱ्यावर," आजी म्हणाल्या. "म्हटलं, पोर भ्याली. यील आपसूक. लई उशीर केलास पर. बरं, आता चौथं घे."

मी सांगितलं. माझा आवाज दोनदा अडकला, त्यांचा एकदाही नाही. म्हणून झाल्यावर म्हणाल्या, "एवढंच व्हय? आन् जेवल्याबिगर जायचं न्हाई हां." बाई, मला हसू आलं आणि रडूही. वीस वर्षांपूर्वीची माझी थाप आजींनी खरी करून टाकली. नात खाली दही आणायला गेली होती, तर आजी मलाच म्हणाल्या, "दोन वाट्या तांदूळ काढ, पोरी."

हे पत्र पाठवणार कुठे? मुलुंडच्या तुमच्या घरात आता दुसरं बिऱ्हाड आहे. माझ्या वहीतच राहील. नव्या मुलींना मी तुमचे नियम तुमच्याच आवाजात सांगते, डब्यांत नजर घालू नका म्हणून दटावते. पण चौथं शील नुकतंच म्हटलंय, तर हेही लपवत नाही. वाटी भरताना मी हात मुद्दाम डब्याच्या तळापर्यंत घातला. फडकं बोटांना लागलं. मग वरून तांदूळ नीट सारखे केले आणि झाकण लावलं.