काढून टाकायचं…

३ जानेवारी

आज सकाळी टेबलाखाली वाकून प्रिंटरची वायर शोधत असताना माझं आयुष्य बदललं. वरून आवाज आला, "हेल्पडेस्क म्हणतात तो तूच का रे?" मी झटक्यात उठलो. वर टेबल आहे हे लक्षात राहिलं नाही. डोक्याला टेंगूळ आलंय. इतकं सुंदर टेंगूळ कुणाला आलं नसेल.

ती आमच्या शिक्षण मंडळाच्या ग्रंथालयात असते. मंडळाच्या नऊ शाळा, त्या सगळ्यांचं ऑनलाइन साहित्य तिच्याकडे. ज्या मुलांना दिसत नाही त्यांच्यासाठी ती धडे स्वतः वाचून रेकॉर्ड करते. ऑफिस सुटल्यावर, गेली चार वर्षं. आवाज काय उगीच असा झालाय!

सगळं ऑफिस तिला ताई म्हणतं. साहेबही. तिच्या वडिलांच्या वयाचा शिपाईही. मी म्हणणार नाही. जीव गेला तरी नाही.

५ जानेवारी

नाव न घेता आणि ताई न म्हणता हाक मारणं सोपं नाही. आज आधी खोकलो. मग खुर्ची सरकवली. शेवटी "अहो, ते हे…" एवढंच निघालं. ती म्हणाली, "घसा धरलाय का? गरम पाणी पी."

काळजी करते.

संकल्प: पोर्टलचं अपडेट असं करायचं की नऊ शाळांनी तोंडात बोटं घालावीत. मग पगारवाढ. मग कॉलेज पूर्ण. मग तिला विचारायचं. क्रम बदलू शकतो.

घरी आईने पुन्हा कॉलेज काढलं. मी म्हटलं, मी कॉलेज सोडलं नाही, त्या प्राध्यापकाला सोडलं. त्या दिवशी वर्गाचं दार असं आपटलं की बिजागरी निखळून हातात आली. आई म्हणाली, "तेवढंच काय ते इंजिनिअरिंग केलंस."

७ जानेवारी

अपडेटला जागा कमी पडतेय. साहेबांनी सर्व शाळांना कळवलं: नको असलेल्या फाइली 'काढून टाकायचं' अशा नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा, हेल्पडेस्क त्या काढेल. आयडिया माझी. सही त्यांची. चालायचंच.

९ जानेवारी, दुपार

अपडेट फत्ते! 'काढून टाकायचं' नावाची सगळी फोल्डरं एका दमात निवडली, उडवली. शाळा नऊ, फोल्डरं दहा निघाली. लोक किती उत्साही असतात. साहेब म्हणाले, "बरं केलंस." त्यांच्या तोंडून हे म्हणजे शाल-श्रीफळच.

९ जानेवारी, संध्याकाळ

ती आली. म्हणाली, "अरे, माझे धडे कुठे दिसत नाहीत." मी म्हटलं, फोल्डरचं नाव? ती म्हणाली, "तुमच्या सफाईत जायला नको म्हणून मुद्दाम दिलं होतं ना. 'काढून टाकायचं नाही'."

यादीतला नावाचा रकाना अरुंद आहे. त्यात दोन शब्द मावतात. पुढे तीन टिंबं.

माझ्या तोंडून निघालं, "अपडेटने खाल्लं."

तिने विचारलं, "परत नाही यायचं?" मी म्हटलं, नाही. बघितलं नव्हतं. बघायला गेलो असतो तर काढणाऱ्याचं नाव स्क्रीनवर आलं असतं आणि ती शेजारीच उभी होती.

ती म्हणाली, "जाऊ दे, त्यात तुझा काय दोष."

जेवलो नाही. आईने विचारलं तर तिच्यावर ओरडलो.

१० जानेवारी

रात्रभर विचार केला. चूक भाषेची आहे. 'नाही' हा शब्द वाक्याच्या शेवटी ठेवतंच कोण? माणसाने आधी सांगावं, नाही, मग काय नाही ते सावकाश सांगावं. आपल्याकडे सगळं वाचून होईपर्यंत माणूस करून बसतो.

दुसरी चूक रकान्याची. तिसरी साहेबांची, सही त्यांचीच आहे.

एवढं सिद्ध होऊनही बरं वाटत नाही.

१२ जानेवारी

पालकांसाठी 'तंत्रज्ञान वार्ता' पाठवली. नवीन सोयी, पासवर्ड कसा बदलावा, ऑनलाइन पुस्तकं कुठे मिळतील वगैरे. पोर्टल बनवणाऱ्या कंपनीने पाठवलेला मजकूर उचलला, खाली माझं नाव टाकलं, नऊ शाळांच्या घराघरांत धाडला. मी स्वतः वाचला नाही. वाचतं कोण!

संकल्प: उद्या तिला खरं सांगायचं.

१३ जानेवारी

तिने निळा ड्रेस घातला होता. अशा दिवशी नको.

१५ जानेवारी

शाळेच्या बसच्या ड्रायव्हरचा फोन. त्याची मुलगी सातवीत आहे, तिला दिसत नाही, ऐकून अभ्यास करते. म्हणाला, "साहेब, ताईंचे धडे लागत नाहीत. मोबाइल बिघडला का पोर्टल?" मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी साहेब म्हटलं. आणि कधी म्हटलं!

मी म्हटलं, अपडेट चालू आहे. तो म्हणाला, "चालू दे, चालू दे. मार्चमध्ये परीक्षा आहे तेवढं बघा."

२० जानेवारी

तोडगा सापडला! धडे कॉम्प्युटरकडून वाचून घ्यायचे. यंत्राचा आवाज. अख्खं सातवीचं पुस्तक तासाभरात. ती चार वर्षं वाचत होती. पोर्टलवर चढवलं. हे पाहून तिचे डोळे भरून येतील.

२२ जानेवारी

ड्रायव्हरचा फोन. "साहेब, ही इस कोण? पोरगी म्हणते, प्रत्येक राजा इसकडे जन्मला. इस सोळाशे, इस सतराशे." इ. स. आहे ते. यंत्राला कोण सांगणार! शिवाय ते 'पृष्ठ क्र.'ला 'पृष्ठ क्र' असं वाचतं, मधेच घशात काही अडकल्यासारखं. पोरगी म्हणे हसून हसून लोळली. मग म्हणाली, ताई कुठे गेल्या?

यंत्र काढलं. नाव पूर्ण वाचून काढलं.

तिचे डोळे खरंच भरून आले होते. हसून. म्हणाली, "अरे, प्रयत्न केलास हे काय कमी आहे?" हे शब्द मी कायम जपून ठेवले असते. आता नको वाटतात.

२७ जानेवारी

तिने पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलंय. खेळाच्या सामानाची जुनी खोली आहे, तिथे भिंतींना आणि दाराला उड्या मारायच्या गाद्या टांगल्यात, आवाज घुमू नये म्हणून. आत पंखाही लावत नाही. बाहेर येते तेव्हा केस कपाळाला चिकटलेले असतात.

आज डबा उघडून म्हणाली, "अर्धा घे, तू हल्ली जेवत नाहीस." घेतला. सगळा संपवला. माझ्यासारखा निर्लज्ज मीच.

संकल्प: उद्या.

३ फेब्रुवारी

साहेब म्हणाले, "कंपनीला कडक पत्र लिही. धडे गिळून बसलेत आणि उत्तर नाही." लिहायला बसलो. "आपल्या बेजबाबदारपणामुळे एका निरपराध विद्यार्थिनीचं वर्ष…" लिहिता लिहिता मला खरंच संताप आला. दोन पानं भरली. कंपनीचा माणूस समोर असता तर मी त्याची गचांडी धरली असती.

मग आठवलं गचांडी कुणाची.

पत्र तिने वाचलं. म्हणाली, "किती मनापासून लिहितोस रे."

६ फेब्रुवारी

तिचा आवाज बसलाय. डॉक्टरने कमी बोलायला सांगितलंय. हे तिने मला कागदावर लिहून सांगितलं. खाली हसरा चेहरा काढला होता.

उद्या नक्की. निळा ड्रेस असो नाहीतर हिरवा.

७ फेब्रुवारी

सुट्टी होती.

९ फेब्रुवारी

ड्रायव्हरचा फोन. म्हणाला, पोरं सुटायची वाट बघत गाडीत बसलो होतो, म्हणून तुमची ती वार्ता वाचली. "त्यात लिहिलंय, काढलेली फाइल महिनाभर पोर्टलच्या कचरापेटीत राहते, एका बटणात परत येते. मला त्यातलं कळत नाही, पण आमच्या ताईंचे धडे तिथे असतील का? बघता का जरा?" मी विचारलं, कुणी लिहिलंय? तो म्हणाला, "असं काय करता साहेब, खाली तुमचंच नाव आहे."

कचरापेटी उघडली. काल रात्री आपोआप रिकामी झालीय.

म्हणजे महिनाभर तिथेच होतं. ती शेजारी उभी होती तेव्हा होतं. इस होती तेव्हा होतं. मी तिचा अर्धा डबा खात होतो तेव्हाही होतं. कालपर्यंत एक बटण दाबायचं होतं आणि मी कंपनीवर चिडत होतो.

फोन अजून चालूच होता. तो म्हणाला, "हॅलो? सापडले का?"

मी म्हटलं, नाही.

१० फेब्रुवारी

सकाळी आरशासमोर तालीम केली. आत जायचं. सगळं सांगायचं, एक शब्दही न लपवता. गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर टाकायचं. तिने थांब म्हणायच्या आत बाहेर पडायचं आणि दार असं आपटायचं की इमारत हादरली पाहिजे. आईला सांगून निघालो की आज मी नोकरी सोडतोय. ती म्हणाली, "दाराला जपून."

ती खेळाच्या खोलीत होती, पाठमोरी. मी दार ढकललं आणि एका श्वासात म्हणालो, "ताई, धडे अपडेटने खाल्ले नाहीत. मी काढले."

ताई! महिनाभर दातांत धरलेला शब्द, आणि तोच पहिला सुटला.

मग बाकीचं सगळं सांगितलं. रकाना, टिंबं, यंत्र, पत्र, कचरापेटी. तिने कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला. ओरडली नाही. आवाज अजून बसलेलाच, घोगरा. विचारलं, "मी 'परत नाही यायचं?' म्हणाले, तेव्हा तिथे होतं?"

मी म्हटलं, हो.

ती टेबलाकडे बघत राहिली. मीही बघितलं. रेकॉर्डिंगचा लाल दिवा चालू होता.

म्हणाली, "अकरावा धडा होता. शेवटचं पान राहिलं होतं." दिवा बंद केला. "आता यात तू आलायस. काढून टाक ही फाइल. तेवढं येतं तुला."

मी माउस हातात घेतला. नाव वाचलं. पुन्हा वाचलं. 'धडा ११.' पुढे टिंबं नव्हती. काढली.

तिने पुस्तकाची पानं उलटी चाळत धड्याचं पहिलं पान काढलं. पाणी प्यायली. मी ओळखपत्राला हात घातला, पण दोरी कॉलरच्या बटणात अडकली आणि निघेना. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते राहू दे. परीक्षा तोंडावर आलीय पोरीची. जा आता. आणि दार हळू लाव, रेकॉर्डिंगमध्ये येतं."

लाल दिवा लागला. "धडा अकरावा," ती वाचू लागली. बसलेल्या आवाजात, तरी प्रत्येक शब्द सुटा.

मी बाहेर आलो, दाराची मूठ दोन्ही हातांनी धरली आणि आवाज होऊ न देता ते लावून घेतलं.