पडवीतले चार दिवस

जुन्नर,
१८ जानेवारी २००४

ती. गजराकाकूस,
सुप्रियाचा शि. सा. न. वि. वि.

आधी वस्तुस्थिती क्रमाने मांडते, म्हणजे वादाला जागा राहणार नाही. तुझी पाळी जाऊन सहा वर्षे झाली. गेल्या भाद्रपदात पुन्हा रक्त जाऊ लागले. तू ती पाळीच समजलीस आणि दर खेपेस चार दिवस पडवीत बाजूला बसू लागलीस. सूनबाई मुकाट्याने चूल सांभाळते. शेजारची साळुबाई तुला तरणी झालीस म्हणून चिडवते. आणि तू, आयुष्यात प्रथमच बसायला मिळाले म्हणून, खूश आहेस. संक्रांतीला आले नसते तर मला हे कळलेही नसते.

काकू, गेलेली पाळी परत येत नसते. हे रक्त गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते. असेलच असे नाही, पण पाहिल्यावाचून कळणार नाही. लवकर लग्न, पुष्कळ बाळंतपणे, एकाहून अधिक पुरुषांशी संबंध, अशा स्त्रियांना धोका अधिक. २९ तारखेला घोडेगावला तपासणीचे शिबिर आहे. सबब नको.

आई गेल्यावर जी माया दिलीस, ती उणी होऊ देऊ नकोस.

तुझी,
सुप्रिया

तळेघर,
२२ जानेवारी

चि. सुप्रियास काकूचा अनेक आशीर्वाद.

हिकडं समदी बरी हाईत. नाचणी झोडून घरात आली. तुजं पत्र रीतीपरमानं राघूनं पडवीत मोठ्यानं वाचलं. सूनबाई व्हती, साळुबाई व्हती. ‘एकाहून अधिक पुरुष’ इथवर आला आन लेकानं माझ्या पत्र सूनबाईच्या हाती दिलं. साळुबाई म्हनली, अगं बया, गजरे, आमाला पत्ताच न्हाई! लई हसली. मला हसू आलं न्हाई.

तुजं काका जाऊन धा वर्सं झाली. नवरा गेलेली बाई ती जागा दाखवाया निघाली तर गाव काय म्हनंल? आन जिथलं काम सरलं तिथं आता काय व्हनार? मी येत न्हाई. एवडी कालेजात शिकवतीस, कुठलं वाक्य कुठं वाचलं जाईल त्ये कळाया नको?

रागवू नको. लोभ धर.

तुजी काकू

जुन्नर,
२५ जानेवारी

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

शास्त्र म्हणून माझे वाक्य बरोबर होते. राघूच्या तोंडून ते ऐकावे लागले, याचे मात्र मला वाईट वाटते. हे पत्र पोस्टमनकडून स्वतः घे आणि एकटीच वाच.

ज्या विषाणूमुळे हा आजार होतो तो लग्नाच्या एकुलत्या एक नवऱ्याकडूनही येतो, आणि अंगात वर्षानुवर्षे मुका राहतो. माणूस गेला म्हणून तो जात नाही. ही चारित्र्याची परीक्षा नव्हे. तपासणारी डॉक्टर बाई आहे, मध्ये पडदा आहे, आणि पडद्याबाहेर मी उभी राहीन. खोटे मला रुचत नाही, तरी घरी सांग की सुप्रिया डोळे दाखवायला नेते. सकाळच्या एस.टी.ने ये. आली नाहीस तर मीच येऊन घेऊन जाईन, आणि मग गावाला खरोखर बोलायला विषय मिळेल.

आशीर्वादाची धनी,
सुप्रिया

जुन्नर,
२० फेब्रुवारी

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

इकडे थंडी ओसरली. द्राक्षे यंदा गोड आहेत, राघूबरोबर पाठवीन. कॉलेजात परीक्षांची गडबड आहे. पुण्याच्या तपासणीचे काम मनाजोगे झाले. काळजीचे कारण नाही, जराशी सूज आहे म्हणतात. पुण्याला महिना दीड महिना राहून इस्पितळात विजेचा शेक घ्यावा लागेल, तेवढीच हवापालट. चार लुगडी भरून ठेव. बाकी भेटीत बोलू.

सर्वांना नमस्कार, छोट्यांना पापा.

सुप्रिया

तळेघर,
२४ फेब्रुवारी

चि. सुप्रियास काकूचा आशीर्वाद.

द्राक्षं नगंत. सुजंला हळद लावत्यात, दीड म्हैना पुन्याला न्हेत न्हाईत. घोडेगावच्या टेबलावर मी लाज टाकून आले, तुज्या शब्दाखातर. पुन्याच्या डाक्टरनीनं तपासाया तुकडा काढला तवा हूं की चूं केलं न्हाई. त्या तुकड्यात काय निघालं, ह्ये तुज्या पत्रात कुठंच न्हाई.

काल साळुबाई सांजच्याला आली. हसत नव्हती. म्हनली, गजरे, मलाबी दोन म्हैन्यापासनं परत रगत जातंय, मीबी बाजूला बसतीय, तुला डाक्टरनीनं काय सांगितलं? मी म्हनले, सूज. ती म्हनली, मंग बरं, मला न्हाई जायाचं. आन गेली घरला. रातभर मला झोप न्हाई.

शेक घ्यायला मी येनार, भिऊ नको. पर काय झालंय त्ये ठावं झाल्याबिगर पाऊल उचलनार न्हाई. भेटीत नगं सांगू, भेटीत तू गळ्यात पडून रडशील आन मीच तुला समजावीत बसंन. त्यो रोग हाय का न्हाई, येका वळीत लिवून धाड. साळुबाईला दावायचंय.

तुजी काकू