बर्फातली पेटी

अण्णा, तो सिनेमा मी परवा पाहिला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याच्या स्वतःच्या आवाजात. माणसं बोलतात आणि खाली त्यांचं बोलणं अक्षरांत उमटतं, अशी सोय आता फोनवर असते. तुम्हाला ती आवडली नसती. वाचायचंच असेल तर पुस्तक काय वाईट, असं तुम्ही म्हणाला असतात. गोरा घोडेचोर आणि चिनी स्वयंपाकी, दोघांत एकच घोडा, घोड्यावर दोरीनं बांधलेली लाकडी पेटी, मागे बंदूकवाले. चिनी माणूस अजूनही हवेत उडी मारतो आणि एका लाथेत दोघांना लोळवतो. गोरा अजूनही पिंपामागे लपतो आणि मारामारी संपली की टोपी झटकत बाहेर येतो. सगळं ओळखीचं होतं. फक्त ते काय बोलतात हे मला माहीत नव्हतं. तुम्हालाही नव्हतं. पेटीत मासळी नाही, अण्णा. काय आहे ते पुढे लिहिते.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या, जाळ्यांच्या शेडमधली नारळी पौर्णिमा मला आठवते. समुद्राला नारळ देऊन झालेला आहे. होड्या अजून धक्क्याला आहेत. बोटीवर नोकरीला असलेल्या कुणीतरी परदेशातून टीव्ही, व्हीसीआर आणि ही एक कॅसेट आणली आहे. कॅसेट इंग्रजी, म्हणून तुमचा एक जुना विद्यार्थी तुम्हाला बोलवायला येतो. सर, तुम्ही अर्थ सांगा, बाकी सगळी तयारी आहे. तुम्ही मला बरोबर घेता. बंदराच्या गल्लीत शिरताना नाकाला रुमाल लावता आणि शेड दिसल्यावर तो खिशात ठेवता. आत बसायला खुर्ची एकच, ती तुमची. शेजारी एका पिंपावर मासळीचा लिलाव पुकारणारे काका बसलेले. एक माइक तुमच्या हातात, लोकांना गप्प करण्यासाठी दुसरा त्यांच्याकडे दिलेला. खरं तर त्यांच्या आवाजाला माइक लागत नव्हता.

तुमचं इंग्रजी छापलेलं होतं. वर्षानुवर्षं मुलांना तुम्ही ते शिकवलंत, पण तिकडच्या माणसाच्या तोंडून ते तुम्ही कधी ऐकलं नव्हतं. पडद्यावरचा गोरा काहीतरी चघळत बोलायला लागला. मी टीव्हीकडे बघत नव्हते, तुमच्या पायाशी बसून तुमच्याकडे बघत होते. वर्गात तुम्ही कधी अडला नव्हता. गोरा बोलत राहिला आणि तुम्ही माइक धरून गप्प. शेडमध्ये कुणीतरी खोकलं. तेव्हा काकांनी आपल्या माइकवर पंजा ठेवला आणि तुमच्याकडे वाकून म्हणाले, "सर, कळत नाय ना? मला पण नाय. मी चिन्याचा बोलतो, तुमी गोऱ्याचा बोला." तुम्ही काही म्हणायच्या आत त्यांनी पंजा काढला होता. "ओ साहेब, घोडा हाका ओ. पेटीत सुरमय हाय. बर्फ पघळतोय."

एवढ्यानं सगळ्या शेडला सगळं कळलं. ही माणसं कोण, का पळतात, उशीर झाला तर काय होईल, कुणाला काही विचारायचं उरलं नाही. तुम्ही बराच वेळ घेतलात. मग म्हणालात, "आपण धीर धरावा. मी वाटेचा विचार करीत आहे." तुम्ही ते गंभीरपणेच म्हणालात. लोक जाळ्यांवर लोळून हसले. तुम्ही दचकून मागे पाहिलंत. तोवर मुलं तुम्हाला घाबरायची एवढंच मी पाहिलं होतं. तुमच्या बोलण्यावर माणसं हसतात आणि पुढचं ऐकायला थांबतात, हे तुम्हालाही नवीन असावं. परत येताना गल्ली संपेपर्यंत रुमाल खिशातच होता.

त्यानंतर काही वर्षं तुम्ही दोघं जोडीनं फिरलात. कॅसेट तीच. शेजारच्या वाड्यांत, एकदा पार संगमेश्वरला. तालीम आपल्या स्वयंपाकघरात व्हायची, कारण पुढच्या खोलीत शिकवणीची मुलं असत. काका मागच्या दारानं येत आणि दाराजवळ पाटावर बसत. आईनं त्यांच्यासाठी कान तुटलेला एक कप वेगळा ठेवला होता, मागच्या खिडकीत. तुम्हाला ते माहीत होतं. त्यांनाही. चहा झाला की ते तो स्वतः विसळून तिथेच पालथा घालत. मारामारीच्या आवाजासाठी ते ओलं गोणपाट आणि वल्ह्याचा तुकडा आणायचे. तुम्ही हरकत घेतलीत की त्यांचा आवाज लाथेच्या मागून येतो. ते म्हणाले, "सर, लाथ आधी बसते, दुखता मागाहून." तुम्ही विचार केलात आणि मान्य केलंत. गोरा शिवी देणार नाही, ही तुमची अट होती. गोळी लागली तरी नाय, त्यांनी विचारलं. तरी नाही, तुम्ही म्हणालात. म्हणून दंडात गोळी घुसलेला तो घोडेचोर "हे उचित झाले नाही" म्हणून खाली बसायचा, आणि लोक तिथे सगळ्यात जास्त हसायचे.

शेवटी बंदर येतं. चिनी माणूस पेटी खांद्यावर घेऊन जहाजावर चढतो. गोरा धक्क्यावर राहतो. पहिल्या खेळाला काका जहाजावरून ओरडले, "चला की ओ सर!" साहेब म्हणायच्या ऐवजी तोंडून सर निघून गेलं. शेड पुन्हा हसली. तुम्ही हसणं संपेपर्यंत थांबलात आणि हळू म्हणालात, "आपण पुढे व्हा. मी पुढच्या खेपेला येतो." पुढे तुम्ही दोघांनी ते तसंच ठेवलंत, प्रत्येक खेळाला.

तुम्ही मुख्याध्यापक झालात. शाळेच्या समितीतले एक गृहस्थ घरी आले, पुढच्या खोलीत बसले, चांगल्या कपातून चहा प्यायले. जाताना दारात म्हणाले, आता जरा पदाला शोभेल असं असावं. कशाबद्दल ते त्यांनी सांगितलं नाही, तुम्ही विचारलं नाहीत. मालगुंडचा खेळ जवळ आला होता. त्या दिवशी तुम्ही घरी पेपर तपासत बसलात आणि एका मुलाबरोबर निरोप धाडलात की ताप आहे. आईनं येऊन तुमच्या कपाळाला हात लावला. तिला ठाऊक होतं की ताप नाही. ती कुणासाठी हात लावत होती ते मला अजून कळलेलं नाही. मालगुंडला काकांनी दोन्ही आवाज एकट्यानं काढले. गोरासुद्धा लिलाव पुकारल्यासारखा बोलत होता, असं दुसऱ्या दिवशी वर्गातल्या मुली सांगत होत्या. लोक अर्ध्यातून उठून गेले.

मग काका शहाळी घेऊन ताप विचारायला आले. या वेळी पुढच्या दारानं. तुम्ही दारातच उभ्यानं बोललात. आता कामं फार वाढलीत, एवढं म्हणालात. ते म्हणाले, हो, हो, मोठी जबाबदारी. शहाळी पायरीवर ठेवून गेले. कप खिडकीत पालथा राहिला. तो कुणी उचलला, कधी उचलला, मी पाहिलं नाही. त्यानंतर तुम्ही दोघं कधी बोलला नाहीत.

पण संध्याकाळी तुम्ही फिरायला मिरकरवाड्याकडे जायला लागलात. आधी फिरायला कधी तिकडे जात नव्हता. बर्फाच्या कारखान्याच्या पलीकडे, धक्क्याच्या टोकाला, छत्री काखेत धरून उभे राहायचात. होड्या लागायच्या, मासळीच्या पाट्या उतरायच्या, लिलाव सुरू व्हायचा. वारा उलटा असला तरी काकांचा आवाज तिथवर यायचा. मी तुमच्या शेजारी उभी असे. तुमची नजर पाण्याकडे असायची. लिलाव संपला की म्हणायचात, चल. एकदा मी विचारलं, इथे वास येतो, आपण इथेच का येतो? "समुद्र बघायला कुणाची परवानगी लागते?" तुम्ही म्हणालात, आणि मी पुन्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं. तुम्ही रागावला असतात, पण रागाच्या पाठोपाठ तुम्ही कधी कधी खरं सांगायचात. तेवढा वेळ थांबायची मला सवय नव्हती.

तुम्ही गेलात तेव्हा मी नागपूरला होते. फोनवर शेजारच्या काकू म्हणाल्या, घाई करू नको, बर्फ आणलाय. रात्र आणि अर्धा दिवस प्रवासात गेला. त्या सगळ्या वाटेवर माझ्या डोक्यात एकच वाक्य होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. घोडा हाका ओ. घरी पोचले तर तुमच्याखाली बर्फाच्या लाद्या होत्या, भोवती भुसा आणि गोणपाट. लाद्यांच्या कडा अजून धारदार होत्या. आदल्या दिवशीचा बर्फ असा नसतो, हे मला बंदरावर उभं राहून माहीत झालं होतं. कुणीतरी सकाळी पुन्हा आणला होता. माझ्या ते लक्षात आलं आणि मी विचारलं नाही. बाहेर पायरीवर खांदा भिजलेला एक माणूस बसला होता. त्याच्याकडे मी नीट पाहिलं नाही.

नोकरी संपल्यावर मी रत्नागिरीत परत आले. गेल्या महिन्यात बाजारात एका मासेवालीनं मला हटकलं. तुमी सरांच्या ताई ना? आमचे मामंजी तुमची आठवण काढतात. लिलाव पुकारायचे ते. त्यांना काहीतरी विचारायचंय. मला लगेच जाता आलं नाही. रिकाम्या हातानं जायचं नव्हतं, म्हणून तो सिनेमा शोधत बसले. तो परवा सापडला आणि काल मी गेले. फोनवर त्यांना दाखवावा असं मनात होतं. पण त्यांची नजर गेली आहे. धक्क्यामागच्या खोलीत ते भिंतीकडे पाठ करून बसले होते. "सरांची ताई," ते म्हणाले. "खाली नको, खुर्ची हाय." सुनेनं चहा आणला, बशीसकट, नव्या कपात.

मी त्यांना सिनेमाची खरी गोष्ट सांगितली. बरीचशी तुमचीच निघाली. भांडणं तीच, वाट तीच. पेटीत काय होता मग, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, अस्थी. त्या चिनी माणसाचा भाऊ परमुलखात मेला होता, त्याला तो गावी नेत होता. ते आधी हसले, आवाज न करता, पोट हललं फक्त. "म्हणजे आमी इतकी वर्सा मयताला बर्फ लावत होतो." सूनही हसली. मग म्हणाले, "सरांना पण मीच लावला."

बाकीचं त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. बातमी कळल्याबरोबर कारखान्यातून लाद्या उचलल्या, पोरांना हात लावायला घेतलं. सकाळी पुन्हा. ताई लांबून येणार, तोवर टिकायला पायजे होता. आत का आला नाहीत, मी विचारलं. आत सगळी मोठी माणसा होती, ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. चहा निवत होता.

मग त्यांनी जे विचारायचं होतं ते विचारलं. "सर धक्क्याच्या टोकाला यायचे. मला छत्री दिसायची. मी लिलाव उगाच लांबवायचो, गिऱ्हाईक शिव्या द्यायचा. पण एक मला कधी कळला नाय, ताई. सर हवा खायला यायचे, का ऐकायला?" त्यांचा चेहरा माझ्या जरा बाजूला वळलेला होता, जिथे माझा आवाज असेल असं त्यांना वाटत होतं. त्यांचे हात मांडीवर होते आणि हलत नव्हते.

मी म्हटलं, ऐकायला.

"आवाज पोचायचा म्हणजे," ते म्हणाले, आणि बराच वेळ मान हलवत राहिले.

अण्णा, त्या सिनेमाच्या शेवटाला कुणी बोलत नाही. जहाज सुटतं, गोरा धक्क्यावर उभा राहून टोपी काढतो आणि खाली एकही अक्षर उमटत नाही. पुढच्या खेपेचं ते वाक्य तुमचंच होतं. हे मी काकांना सांगितलं नाही. हे पत्रही त्यांना वाचून दाखवणार नाही, आणि तुमच्याकडे ते पोचायची वाट नाही. तुम्ही धक्क्यावर कशासाठी उभे राहत होता ते मला माहीत नाही. तुम्ही कधी सांगितलं नाहीत, आणि कदाचित तुम्ही खरंच समुद्र बघत असाल. मी तुमच्या वतीनं बोलले. त्यांनी विचारल्यावर थांबलेसुद्धा नाही.