कोऱ्या बशा

१० सप्टेंबर, बुधवार
कालच्या नोंदीत एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. प्रयोगशाळेत नव्या माणसाला पहिल्या दिवशी काचेच्या दोन बशा देतात. आत आगारचा, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीचा, मऊ थर असतो. एकीत न धुतलेलं बोट टेकवायचं, दुसरीत धुतलेलं. रात्रभर उबेत ठेवलं की न धुतलेल्या बोटाखाली जंतूंचे ठिपके उगवतात आणि माणूस जन्माचा शहाणा होतो. माझ्या धुतलेल्या बोटाची बशी कोरी निघाली, शिकवणाऱ्या मॅडमनी कौतुक केलं, असं मी लिहिलं. न धुतलेल्या बोटाचीही कोरीच होती, हे गाळलं. सुरुवातीची काही वर्षं मला आईनेच घरी शिकवलं, आणि पाहिलेलं गाळायचं नाही हा तिचा पहिला धडा.

बाकी सगळं छान आहे. माझं टेबल खिडकीशी आहे. शेजारच्या टेबलावरची मुलगी स्वतःलाच चष्मिस म्हणवते. तिने विचारलं, तुझ्या अंगात रक्ताऐवजी फिनेल आहे का. ताईच्या घरून चालत जाता येतं. तिचं बाळ महिन्याचं आहे. भावजी कामासाठी बाहेरगावी, ताई दमलेली, म्हणून मी आल्यापासून संध्याकाळभर बाळ माझ्याकडेच. माझ्या खांद्यावर ते लगेच शांत होतं. ताई म्हणते, मावशीच्या हाताला गुण आहे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
काल रेघा ओढायला शिकले. तारेचं कडं ज्योतीत लाल करायचं, गार होऊ द्यायचं, जंतू उचलून आगारवर हलक्या हाताने रेघा ओढायच्या, बशी उलटी ठेवायची. आज पाहिलं तर माझ्या बशीत नुसत्या रेघा, वाढ नाही. मॅडम म्हणाल्या, घाई केलीस, तापल्या तारेने जंतू भाजले.

मी घाई केली नव्हती.

१६ सप्टेंबर, मंगळवार
काल मॅडम शेजारी उभ्या राहिल्या. कडं गार झाल्याची खात्री त्यांनीच केली. आज बशी पुन्हा कोरी. चष्मिसच्या बशा माझ्या बशीला लागून ठेवल्या होत्या. त्यांत माझ्याकडची बाजू कोरी, पलीकडची भरलेली. मॅडमनी आगार बिघडलं म्हणून सगळं फेकायला लावलं. बशीत काही उगवलं तरच इथे माणसं घाबरतात.

१८ सप्टेंबर, गुरुवार
सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत जंतूंचा थेंब पाहिला. पळत होते, एकमेकांवर आपटत होते. काच मी अंगठ्याने धरली होती. अंगठ्याच्या बाजूने ते एकेक करून थांबत आले. मी काच सोडली. तोवर सगळे थांबले होते.

चष्मिसने दुसरा थेंब लावून दिला. तोही.

२० सप्टेंबर, शनिवार
बाळाचं वजन घटलंय. डॉक्टर म्हणाले, दूध पचवायला पोटात चांगले जंतू रुजावे लागतात. याच्या पोटात काही रुजतच नाही, असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

ताईला सगळं सांगितलं. आधी हसली. मग चिडली. म्हणाली, "लहानपणापासून तू अशीच, लावलेली कडी दहादा बघणारी. बाळाला धर आणि गप्प बस."

२१ सप्टेंबर, रविवार
रबरी हातमोजे घालून बाळाला घेतलं. ताईने ओढून काढले. पोर आहे ते, बाटली नाही, म्हणाली.

२२ सप्टेंबर, सोमवार
ताईला ताप. उठवत नाही. बाळाला दुसरं कोण घेणार — शेजारी कुलूप. भावजींना फोन केला. बुधवारी रात्री पोचतो, तोवर तू आहेस म्हणून निर्धास्त आहे, म्हणाले.

पाळण्यात ठेवलं. दिवसभर रडलं. ताई आतून ओरडली, घे त्याला, दगड आहेस का.

घेतलं. लगेच शांत.

२३ सप्टेंबर, मंगळवार
आता पाळण्यातही रडत नाही. दूध तोंडातून परत —

दवाखान्यात नेलं. परत पाठवलं, डॉक्टर नाहीत, उद्या आणा म्हणाले. न्यायला मीच, आणायला मीच. छातीशी धरूनच —

मांडीवर आहे. डाव्या हाताने लिहितेय, उजवा त्याच्या डोक्याखाली. काढला तर मान लटकते.

भावजी आले की लगेच निघायचं. कोणाला न सांगता, पहिल्या बसने, बाळ असेल त्या कुठल्याच घरात पुन्हा नाही. गुरुवार, २५ सप्टेंबर. परवा. परवापर्यंत फक्त —