गाठोडं हलकं काहून होत नाही?

बोरी अरब,
ता. ९ डिसेंबर १९५९

ती. दादास रत्नप्रभेचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

इकडे मी खुशाल आहे, पण मन थाऱ्यावर नाही. सोमवारी आठवीला गुरुत्वाकर्षण शिकवलं. दोन वस्तूंमधलं अंतर दुप्पट झालं की ओढ चौथाई होते, असं सांगितलं. तशी तांड्यावरची गंगी उठली. वर्गातली एकमेव मुलगी. म्हणाली, की बाई, कापसाचं गाठोडं हातभर उचललं, मंग दोन हात उचललं. तं ते चौथाई काहून होत नाही? वर्ग हसला. मला उत्तर येईना, म्हणून मी तिलाच आगाऊ म्हटलं आणि खाली बसवलं.

दोन दिवस ती आलेली नाही. तिचे वडील देवीलाल शाळेतून तिचं नाव काढणार, असं कानावर आलंय. दादा, तू कॉलेजात हेच शिकवतोस. सांग, ती चुकली कुठे?

तुझी माया आहेच. या खेपेला मायेसोबत उत्तरही धाड.

तुझी,
रत्नप्रभा

यवतमाळ,
ता. १३ डिसेंबर

चि. रत्नप्रभेस अनंताचे अनेक आशीर्वाद.

अगं, ती मुळीच चुकली नाही! चुकलीस तू. अंतर कुठून मोजायचं, हेच सांगितलं नाहीस. ते जमिनीपासून नव्हे, पृथ्वीच्या मध्यापासून मोजायचं. तो मध्य आपल्या पायाखाली चार हजार मैल खोल. त्यात हातभर वाढलं तर काय कळणार? गाठोडं चौथाई व्हायला गंगीला आणखी चार हजार मैल वर चढावं लागेल! माझ्या बी.एस्सी.च्या पोरांनी चार वर्षांत असा प्रश्न विचारला नाही.

तुझी वहिनी म्हणते, गंगीच्या घरी चिठ्ठी पाठवून भागायचं नाही, तू स्वतः जा. चूक कबूल करताना तुझं नाक लाल होतं, होऊ दे.

कळावे, आणि काय झालं ते कळवावेही.

अनंत

बोरी अरब,
ता. २० डिसेंबर

ती. दादास व वहिनींस नमस्कार.

काल दुपारी गेले! गंगीच्या घरची सगळी शेतात कापूस वेचत होती. सर्वांदेखत सांगितलं, की चूक माझी होती. मग एका ढेकळाची पृथ्वी केली. गंगीनं ते फोडलं, मधोमध बोट ठेवलं आणि एकदम हसली. देवीलाल म्हणाले, की बाई वावरात येऊन चुकी कबूल करते, हे आजच पाह्यलं. पोरीले सोमवारपासून धाडतो.

निघाले, तर गंगी बांधापर्यंत मागे आली. विचारते, की बाई, त्या मध्यावरच गाठोडं नेऊन ठेवलं, तं तिथं त्याचं वजन किती?

दादा, लवकर लिही! मी सरळ सांगितलं, की मला ठाऊक नाही. तशी ती आनंदानं ओरडत आईकडे पळाली, की बाईलेही माहीत नाही!

तुझा लोभ आणि वहिनींचा धाक, दोन्ही असू देत.

रत्नप्रभा