अविनाश खानावळ

रवि. ३ ऑगस्ट

आठवड्याचा पहिला दिवस. हेल्पडेस्कचा फोन सकाळपासून तापलेला, बाहेर दोहा त्याहून. एका इंजिनिअरने लॅपटॉप गाडीत डॅशबोर्डवर ठेवला होता, तो चालू होईना. मी म्हटलं, सावलीत ठेवा, थंड होऊ द्या. थोड्या वेळाने परत फोन. "मॅडम, फ्रिज में रखा था, अब पानी टपक रहा है." तक्रारीच्या तिकिटात काय लिहायचं? 'युजरने थंड केला' असं लिहिलं. शेजारच्या टेबलवरचा शिबू हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता.

पण सध्या मला कशाचाच राग येत नाही. येत्या शुक्रवारी मी फोनवर वाचून दाखवते त्या रहस्यकथेचं शेवटचं प्रकरण! पोस्टमास्तरचा खून कोणी केला ते फुटणार. मला माहीत आहे, मी आधी वाचून ठेवते. कुणाला सांगितलेलं नाही, लेकीला, मुग्धालासुद्धा नाही. दोहाबाहेरच्या उम्म सलालहून, माझं वाचन ऐकणाऱ्या सागरचा फोन आला होता: "वैनी, रूममधी दोन पार्ट्या पडल्यात. निम्मे म्हनतेत डॉक्टर, निम्मे म्हनतेत मास्तरची बायको. तुमी नुसतं हं म्हना."

मी हं म्हटलं नाही.

सागरला सुट्टी मिळालीय. शनिवारचं विमान, लातूरला घरी जाणार, दोन वर्षांनी. म्हणतो, खुनी कळल्याशिवाय विमानात बसायचा नाही.

संध्याकाळी इंटरनेट कंपनीचा मेसेज. 'प्रिय श्री. अविनाश, आपल्या ओळखपत्राची मुदत संपली आहे. गुरुवारपर्यंत नवीन ओळखपत्र न दिल्यास सेवा थांबवण्यात येईल.'

एवढे दिवस त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. बिल माझ्या कार्डातून जातं, नाव माझ्या नवऱ्याचं, अविचं. मीही लक्षात आणून दिलं नाही. दर महिन्याला 'प्रिय श्री. अविनाश' असा मेसेज यायचा. वाचायची आणि ठेवून द्यायची. बरं वाटायचं, एवढंच.

सोम. ४ ऑगस्ट

कनेक्शन माझ्या नावावर करायचं. सोपं काम, असं वाटलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या चॅटवर गेले. पर्याय: घर बदलायचं आहे, वेग वाढवायचा आहे, बिलाबद्दल तक्रार, कनेक्शन बंद करायचं आहे. माणूस वारल्याचा पर्याय नाही. मी तसं टाइप केलं. उत्तर आलं: 'छान! आणखी काही मदत करू का?' आणि एक हसरा चेहरा.

मग फोन. होल्डवरचं गाणं ऐकत बसले. तसल्याच गाण्यावर आम्हीही लोकांना बसवतो, चाल जरा वेगळी. शेवटी एक मुलगी आली, आवाज गोड.

"मॅम, अकाउंट होल्डर से बात कराइए."

"वो गुजर गए हैं. मैं उनकी वाइफ."

"ओह, सो सॉरी मॅम." आणि पुढे, "तो फिर सर को ब्रांच में आना पडेगा, ओरिजिनल आयडी लेके."

मग तिच्या लक्षात आलं असावं, कारण गाणं परत सुरू झालं.

राग तिचा नाही. तिच्यासमोर पडद्यावर जे लिहिलेलं असतं तेच ती वाचते. मीही तेच करते. फक्त आज मी तारेच्या दुसऱ्या टोकाला होते.

घरी येऊन मुग्धाला सांगितलं. सुट्टीचे दिवस, ती आत्ताच उठलेली. "आई, जस्ट यूज मोबाइल डेटा." तिला काय सांगायचं? आमचा फ्लॅट इमारतीच्या पोटात. रेंज एका खिडकीपाशी आणि खिडकीला लागून शेजाऱ्यांच्या एसीचं धूड घरघरतंय. मागे एकदा तिथून वाचलं होतं. निम्म्या लोकांना वाटलं, गोष्टीत विमान आलं.

वाचन गेलं तर आता माझ्याकडे... असो. नाही जाणार.

मंगळ. ५ ऑगस्ट

झालं! झालं काम!

युक्ती शिबूची. तो मला त्याच्या मल्याळीत चेची, म्हणजे ताई म्हणतो. "चेची, बंद करायचंय ते बटण दाब. तिथे माणूस लगेच येतो. गिऱ्हाईक जातंय म्हटलं की धावतात." खरं आहे. आमच्याकडेही एकाचा प्रिंटर अडला की तो 'पूर्ण साइट बंद' म्हणून तिकीट टाकतो, म्हणजे आम्ही पळत जातो. अशा लोकांना मी फार बोलते. आज मीच तसलं केलं.

दाबलं बटण. गाणं एक ओळसुद्धा वाजलं नाही! एक तरतरीत मुलगा आला. मॅम, तुम्ही का चाललात, आम्ही काय चुकलो, वेग दुप्पट करून देऊ का. मी म्हटलं, बाबा, मला कुठे जायचं नाही. बंद करायचं नाहीये. नाव बदलायचंय. सगळं नीट सांगितलं, अवि गेल्याचंसुद्धा. हे वाक्य मला आता न अडखळता म्हणता येतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. "नोटेड, मॅम. डोन्ट वरी." फोन ठेवला आणि लगेच मेसेज: 'आपली विनंती स्वीकारली आहे.'

घरी येऊन शिरा केला. मुग्धा म्हणाली, "व्हॉट आर वी सेलिब्रेटिंग?" म्हटलं, कस्टमर केअर.

मग तीही हसली आणि वाटी घेऊन माझ्याजवळ बसली. वायफायचं नाव आठवून हसत होती. अविने ठेवलेलं, 'अविनाश खानावळ'. नवं कनेक्शन घेतलं तेव्हा या मजल्यावर कुणाकडेच नव्हतं, सगळे आमचंच वापरायचे. मी कुरकुर केली तर म्हणाला, चार माणसं जेवून गेली तर काय बिघडतं? आणि पासवर्ड 'जेवलासका'. साइटवरच्या पोरांना भेटल्यावर त्याचं पहिलं वाक्य हेच असायचं. सागर त्यांतलाच, त्याच्या हाताखाली एसी दुरुस्तीला होता. अवि गेल्यावर त्याच्या सामानाची पेटी घेऊन आला, कपाटातली पुस्तकं बघत उभा राहिला आणि म्हणाला, "वैनी, ह्यातलं कायतरी वाचून दाखवा की. वाचाय बसलं की डोळे मिटतेत, पर आईकायला जागतो मी." तिथून सुरू झालं हे. फोनवर आधी तो एकटा, मग त्याची रूम, मग ट्रकवाले, आता कोण कोण जोडलं जातं मला माहीतही नाही. मी बारावी. पुढचं जे काही शिकले ते लोक देश सोडताना जिन्यात ठेवून जातात त्या खोक्यांमधून. ही रहस्यकथाही तशीच मिळालेली.

मेसेज परत एकदा वाचला. स्वीकारली आहे. वा.

गुरु. ७ ऑगस्ट

सहा वाजता नेट गेलं.

राउटरचा दिवा लाल. बंद केला, चालू केला. (रोज दिवसभर लोकांना हेच सांगते.) लाल. फोन लावला. या वेळी तिसरीच बाई.

"मॅम, लाइन तो बंद हो गई. आपने ही रिक्वेस्ट डाली थी, कॅन्सलेशन की."

"मैंने नाम बदलने को बोला था. भाई ने सुना था. नोटेड बोला."

"नोट है मॅम. लेकिन रिक्वेस्ट का टाइप कॅन्सलेशन है."

तिथेच बसले खाली, चपलांच्या स्टँडशेजारी.

टाइप. मला हे कळायला हवं होतं. आमच्याकडेही असंच चालतं. फोन आल्यावर तिकिटाला जो पहिला प्रकार लागतो, तोच शेवटपर्यंत चालतो. खाली कितीही लिहा, कोणी वाचत नाही. मीही वाचत नाही! नव्या पोरांना मीच शिकवते, आधी प्रकार नीट निवडा, बाकी गोष्ट नंतर ऐका. दुसरी कुणी साधी बाई असती तर रांगेत बसली असती, आणि तिची लाइन आज चालू असती. मला शॉर्टकट माहीत होता ना.

"और बंद करने के लिए सर की जरूरत नहीं पडी?" मी विचारलं.

"नहीं मॅम. आयडी एक्स्पायर्ड था, तो बंद कर सकते हैं. चालू रखने के लिए लगता है."

त्याचं नाव चालू ठेवायला तो हवा. बंद करायला मी पुरते.

मोबाइलच्या यादीत खानावळ दिसत नाही. शेजारच्यांची नावं दिसतात, कसले कसले आकडे. मुग्धा खोलीतून आली, माझ्या शेजारी चपलांपाशी बसली. तिच्या फोनवर तीच यादी उघडलेली. मग म्हणाली, "आई, उद्या काय करणार?" मराठीत. सबंध वाक्य.

सागरला कळवलं की उद्या जमणार नाही. त्याचं लगेच उत्तर: "जमनार न्हाई म्हंजे? मी इमानात कसा बसू?" आणि मग दुसरं: "वैनी, तुमीच या की हिकडं."

शुक्र. ८ ऑगस्ट

गेले! आम्ही दोघी गेलो!

क्रमाने लिहिते.

मुग्धाच म्हणाली चल. टॅक्सी केली. आमच्या ओल्ड एअरपोर्ट भागापासून उम्म सलाल मोहम्मद, सगळा रस्ता पांढरा पडलेला, उन्हात माणूस नाही. मला वाटत होतं, बाईमाणसाने असं जावं का, बसायचं कुठे. सागरने सगळं ठरवून ठेवलं होतं. त्यांच्या रूमवर नाही, कोपऱ्यावरच्या चहाच्या हॉटेलात. नमाजानंतर ते उघडतं आणि दुपारी रिकामंच असतं. मालक मलबारी. त्याने टीव्ही बंद केला, माझ्यासाठी खुर्ची पुसली आणि 'मराठी समझता नहीं, लेकिन सुनेगा' म्हणून गल्ल्यावर बसला.

आणि ही सगळी माणसं! इस्त्रीचे शर्ट घालून आलेली, केसांना पाणी लावून. मी फक्त आवाज ऐकलेले, 'हॅलो, ऐकू येतंय काय' एवढेच. आता त्यांना चेहरे. तेही माझ्याकडे तसंच बघत होते. एक जण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "मला वाटलं लई म्हाताऱ्या असतील."

"म्हातारीच आहे," मी म्हटलं. हसले सगळे. मग मी पुस्तक उघडलं.

वाचलं. कराक चहाचे पेले तसेच गार झाले. डॉक्टर सुटला तेव्हा एका बाजूचे ओरडले, बायको सुटली तेव्हा दुसऱ्या बाजूचे. आणि जेव्हा टपाल वाटणारा नामदेव पुढे आला... हॉटेलात असा आवाज झाला की बाहेरून दोघं डोकावून गेले. मालवणचे एक ड्रायव्हर टेबलावर हात आपटून म्हणाले, "माका पयल्यापासून संशय होतो!"

"झूट!" सागर उठून उभा. "काका, तुमी बायको म्हनू लालते! सगळ्यायनी ऐकलंय!"

मुग्धा पोट धरून हसत होती. तिला सगळं कळत होतं. सगळं.

निघताना सागर टॅक्सीपर्यंत आला. म्हणाला, "वैनी, येक सांगू? तुमच्या बिल्डिंगखाली एसीच्या कामाला आलं की माझा फोन आपोआप लागतो. खानावळ. साहेबांनी टाकून दिलता पासवर्ड. आमच्यातल्या लई जनांच्या फोनमधी हाय त्यो." मग टॅक्सीचं दार धरून, "काल लागला न्हाई."

मी सांगितलं, मी बंद केलं. चुकून.

"चालू करा की मग," म्हणाला. इतकं सोपं. टॅक्सीचं दार लावून दिलं आणि म्हणाला, नवीन पुस्तक मी आल्यावर सुरू करा, न्हाईतर बघा.

रवि. १० ऑगस्ट

सागर पोचला. आईबरोबरचा फोटो पाठवला. खाली लिहिलंय, आईला खुनी सांगितला.

कामावर आज प्रत्येक तिकीट खालपर्यंत वाचलं. शिबू म्हणतो, "चेची, अशाने आपण संध्याकाळपर्यंत पाचही बंद नाही करणार." नाही तर नाही. एकाने लिहिलेलं 'माउस चालत नाही', आणि खाली अगदी तळाशी, 'हात प्लास्टरमध्ये आहे, डावीकडून वापरायचा आहे.' बघा.

कंपनीचं उत्तर आलं. जुनं खातं परत चालू होत नाही. माझ्या नावावर नवं मिळेल. या वेळी सरळ ब्रांचमध्ये गेले, रांगेत बसले, सगळे कागद दिले. टेबलवरच्या मुलाने अविचं ओळखपत्र बाजूला ठेवलं आणि माझं उचललं. मंगळवारी माणूस येईल, जुना राउटर घेऊन जाईल.

मेसेज आला. 'प्रिय श्रीमती सुनंदा.' वाचला. अजून काही वाटत नाही. सवय व्हायची आहे.

मंगळ. १२ ऑगस्ट

माणूस आलाय. नेपाळी, विशीतला, घामाने निथळलेला. राउटर लावला, दिवा हिरवा झाला. मी लहान मुलीसारखी टाळी वाजवली, त्याला गंमत वाटली.

मग त्याने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "मॅडम, नाम क्या रखना है? पासवर्ड?"

मला माहीत आहे. हेल्पडेस्कवर रोज सांगते. तेच नाव आणि तोच पासवर्ड टाकला की घरातल्या सगळ्या वस्तू आपोआप जोडल्या जातात, काही झालंच नाही अशा. सागरचाही फोन, खालून.

मुग्धाला विचारलं. "युअर अकाउंट, आई. पुट युअर नेम." मग जरा वेळाने, "ऑर नॉट. आय डोन्ट नो."

पासवर्ड टाकला, तोच. त्यात काही विचार करावा लागला नाही. नावाच्या चौकटीत 'खानावळ' लिहिलं. त्याच्या आधीची जागा मोकळी आहे. कर्सर तिथे नेऊन ठेवलाय, लुकलुकतोय.

"यल्ला मॅडम, जल्दी, और दो घर जाना है."

मी विचारलं, खाना खाया? तो संकोचला, सकाळपासून नाही म्हणाला. पोळी, वांग्याची भाजी, ताक वाढलंय. मांडी घालून बसलाय, भुकेला आहे, पण सावकाश खातोय. आणखी एक पोळी टाकते तव्यावर.

तो हात धुवेपर्यंत वेळ आहे.