धुरपताबाईचा हिस्सा

पेडगाव, ता. १७ नोव्हेंबर १९९३

चि. वैजीनाथ यास भुजंगमामाचे अ. आ.

दिवाळीला आला नाहीस. निदान मामानं वर्षभर काय केलं ते तरी वाच. या दोन हातांनी केलेलं: तीन स्टॅबिलायझर, तार स्वतः गुंडाळलेली; ज्वारी उफणायचा पंखा; फवारणी पंपाचं पितळी तोंड, विकतच्यापेक्षा बारीक फवारा देणारं; तुझ्या मामीला शेवयांचं यंत्र, जे ती नावं ठेवत ठेवत वापरायलीय; आणि एक पाटी, ‘भुजंग दुरुस्ती केंद्र, मोंढा, परभणी’. पाटी तयार आहे, दुकान व्हायचंय.

सातवीनंतर मला कोणी शिकवलं नाही. जे कळलं नाही ते उघडून पाहिलं. आता तुझी कंपनी उघडायचीय. तुझ्या सांगण्यावरून ‘पूर्णांक सॉफ्टवेअर’चे शंभर शेअर घेतले, त्याचा वार्षिक अहवाल आला. शब्दकोश घेऊन बसलो. अध्यक्षाचा फोटो पानभर, पण शंभरात त्याचे शेअर वीसच. अडतीस टक्क्यांपुढं ‘संस्था’ लिहिलंय. संस्था म्हणजे माणूस कोण? मग मालक नेमका कोण? आणि तुम्ही विकता ते तरी काय? मामी विचारायलीय, वैजीनाथ हवा विकतो का. तिला दटावलं, पण उत्तर मलाही आलं नाही.

कळावे असं लिहून थांबत नाही, कळव. माया आहेच.

तुझा मामा,
भुजंग

पुणे, ता. २५ नोव्हेंबर १९९३

ती. भुजंगमामा यांस वैजीनाथचा सा. न. वि. वि.

मामीला सांगा, आम्ही हवा विकत नाही. तुमच्या यंत्राला शेवई कळत नाही. जाळी बसवाल तशी शेवई पडते. काँप्युटरला तशा जाळ्या आम्ही करून देतो, लिहून लिहून.

संस्थांत सगळ्यात मोठी एक विमा कंपनी. मामीच्या विम्याचा हप्ता पेडगावातून जातो, तसे लाखो हप्ते गोळा करून ती ठिकठिकाणी लावते, आमच्याकडंही. म्हणजे मामी तुमच्या आधीपासून मालकीण आहे. यापुढं यंत्राला नावं ठेवली तर मुकाट ऐकून घ्या.

दिवाळीला सुट्टीच मिळाली नाही. मोठा जनरेटर आलाय, साठ खुर्च्या आल्यात, जानेवारीपासून रात्रपाळी आहे. कारण बाहेर सांगायचं नाही, म्हणून तुम्हालाही सांगत नाही. आमच्या हिशेब खात्यात मात्र सगळे खुशीत आहेत.

थोरांना नमस्कार. पत्र नेहमीप्रमाणे सर्वांना वाचून दाखवावे, आणि माया पातळ होऊ देऊ नये.

आपला,
वैजीनाथ

पेडगाव, ता. ५ डिसेंबर १९९३

चि. वैजीनाथ यास अ. आ.

मामी मालकीण आहे हे तू लिहायला नको होतं. परवापासून मला चहा मागितल्यावरच मिळतो, आणि तिच्या कंपनीत वेळेवर या म्हणून ताकीद.

कारण तू सांगितलं नाहीस, ते मी काढलं. आपली रात्र तेव्हा अमेरिकेचा दिवस. रात्रपाळी, साठ खुर्च्या, वीज जाऊ नये म्हणून जनरेटर, आणि हिशेबवाले खुशीत. तुम्हाला अमेरिकेचं मोठं काम मिळालंय.

आबासाहेबांच्या अडतीत काटा दुरुस्त करत होतो. मुंजाजी हमाल तुझी खुशाली विचारायला लागला, म्हणून तुझं पत्र तिथंच सगळ्यांना वाचून दाखवलं, शेवटी माझा तर्कही सांगितला. आबासाहेबांचं आयुष्य रुमालाखाली बोटं दाबून तुरीचा भाव ठरवण्यात गेलं. शेतकरी शेजारी उभा, पण त्याच्याच मालाचा भाव त्याला दिसायचा नाही. उघडा लिलाव आल्यापासून त्यांचं मन मोंढ्यात रमत नाही; फोनवरून मुंबईचे शेअर घेतात. त्यांनी कंपनीचं नाव दोनदा विचारलं, माझ्या डोक्याची तारीफ केली, आणि पुढचं पत्र आलं की आधी इकडं आणा म्हणाले.

तर्क बरोबर का, एवढं कळव. लोभ आहे, उत्सुकता त्याहून जास्त.

तुझा मामा,
भुजंग

पुणे, ता. ७ जानेवारी १९९४

ती. भुजंगमामा यांस सा. न. वि. वि.

तर्क बरोबर. आता पुढचं बसून वाचा.

अमेरिकेच्या कामाची बातमी कंपनीनं वीस डिसेंबरला जाहीर केली आणि बासष्टचा शेअर एकशे चाळीसवर गेला. त्याआधीच्या आठवड्यात परभणीहून दहा हजार शेअरांची खरेदी झाली होती. घेणारे आबासाहेब. कंपनीच्या सेक्रेटरी साहेबांनी मला बोलावून विचारलं, परभणीत तुमचं कोण आहे. वर्षापूर्वीच कायदा आलाय, मामा. कंपनीतली आतली बातमी जाहीर होण्याआधी तिच्यावरून शेअर घेणं गुन्हा आहे, आणि ती बातमी पुरवणाराही सुटत नाही. मी बातमी विकली असा त्यांना संशय आहे. महिनाअखेरीस नोकरीचा निर्णय होईल.

तुम्ही विचारणारच, आबासाहेबांनी घेतले तर विकले कोणी. मीही शोधलं. त्या आठवड्यात विमा कंपनी विकत होती, बासष्टनं. तिला काही माहीत नव्हतं.

हे पत्र कोणालाही वाचून दाखवू नये. तेवढीच माया आत्ता पुरे.

आपला,
वैजीनाथ

पेडगाव, ता. २० जानेवारी १९९४

चि. वैजीनाथ यास अ. आ.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून बंदोबस्त होता, एसट्या धड चालत नव्हत्या. म्हणून उत्तराला उशीर.

पत्र दाखवू नका म्हणालास, तरी एका माणसाला दाखवलं. मालकीणबाईला. सगळं ऐकून ती म्हणाली, लय हुशार माणूस हाय, स्वतःच्याच बायकोचा माल रुमालाखाली विकून आला. शेतकऱ्याच्या जागी या टायमाला मी हुबी व्हते, म्हणाली. मी यंत्र साफ करायला घेतलं. ते स्वच्छच होतं.

मग आबासाहेबांकडं गेलो. त्यांनी लपवलं नाही. शेअर बाजारात दोन्हीकडं अनोळखी माणसं असतात, भुजंगराव, कोणाचं काही जात नाही, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं की एका बाजूला माझी बायको धुरपताबाई होती, मी तिला ओळखतो. ते हसले. मग त्यांनी मला आत बसवून दुसरंच बोलणं काढलं, ते खाली लिहितो.

सोबत सेक्रेटरी साहेबांच्या नावे माझं सहीचं निवेदन आहे. पत्र मी वाचलं, कुठं वाचलं, कोणापुढं वाचलं, तर्क माझा, तुझ्या पत्रात त्या कामाबद्दल अक्षर नव्हतं, त्यानंतर मी एकही शेअर घेतला नाही की विकला नाही. तुझं नोव्हेंबरचं मूळ पत्रही जोडलंय. साक्षीला मुंजाजीचा अंगठा आहे. त्याला दुसऱ्या दिवसापासून अडतीत काम नाही, मलाही नाही. तो माझ्याकडं पंखे जोडायलाय, हात चांगला आहे.

निवेदन पोचताच उघडं नेऊन दे. खुशालीची पत्रं मात्र लिहीत जा. आता ती घराच्या उंबऱ्याआतच वाचली जातील.

तुझा मामा,
भुजंग

ता. क. आबासाहेबांचं बोलणं असं. तुझं प्रत्येक पत्र आधी त्यांना वाचून दाखवायचं. बदल्यात मोंढ्यासमोरचा कोपऱ्यावरचा गाळा माझ्या नावे, पागडी ते भरणार. पाटीचं माप त्यांनी आधीच घेऊन ठेवलं होतं, बरोबर बसत होती. मी नको म्हणालो. पागडी होती रुपये चाळीस हजार.